भंगारातून घेतलेल्या शिवराया : अर्धवट अक्षरांवरून पूर्ण लेख कसा जुळवायचा?

कृष्णाकाठ (सांगली)

तांब्या-पितळेच्या भंगारात निघालेली ४२ नाणी किलोच्या भावाने घेतली आहेत. त्यातली ३९ तांब्याची, बहुतेक शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी). एकावर 'श्री' दिसतो, दुसऱ्यावर 'जा' आणि निम्मा 'शि', मागे कुठे 'छ' तर कुठे नुसता 'ति'. पूर्ण लेख एकावरही नाही. सहा-सात नाण्यांच्या मागे मधोमध दोन आडव्या रेघा आहेत. पाच नाण्यांवर हिरवा थर आहे आणि त्यातल्या दोहोंचा थर भुकटीसारखा बोटाला लागतो. उरलेली तीन शिशाची वाटतात : जड, मऊ, करडी. एकावर धनुष्यबाण स्पष्ट आहे.

साफ कशाने करू? घरी सगळे चिंच लावायला सांगतात. आणि अशा तुटक अक्षरांवरून अभ्यास होतो का, की चार चांगली नाणी वेगळी विकत घ्यावीत?

टांकसाळ (सातारा)

चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही लावू नका. आम्लाने वरचा काळा-तपकिरी थर जातो आणि अक्षरांची वरची कडही त्याच थरात असते. नाणं नव्या तांब्यासारखं लालबुंद दिसतं, पण 'शि'ची वेलांटी गेलेली असते. ती परत येत नाही.

आधी हिरव्या थराचं बघा. गडद हिरवा, टणक, नखाने न सुटणारा थर स्थिर असतो, त्याला हात लावायचं कारण नाही. फिकट हिरवी भुकटी मात्र चालू असलेला रोग आहे. तांब्यात क्लोराइड अडकलेलं असतं, हवेतली ओल मिळाली की ते धातू खात राहतं. खात्री करायची तर नाणं झाकणाच्या डबीत ठेवा, शेजारी ओला कापूस (नाण्याला टेकू न देता) आणि एक दिवस थांबा. ताजे फिकट ठिपके उमटले तर रोग चालू आहे. ही दोन नाणी आजच बाकीच्यांपासून वेगळी करा.

उपाय वेळखाऊ आहे. काचेच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, त्यात नाणं, पाणी पहिला आठवडा रोज आणि नंतर आठवड्यातून एकदा बदलायचं. महिना-दोन महिने सहज लागतात. नळाचं पाणी वापरलं तर त्यातलंच क्लोराइड आत जातं. बाहेर काढल्यावर टिपून घ्या, टेबललॅम्पच्या उबेत पूर्ण वाळवा आणि ओल्या कापसाची चाचणी पुन्हा करा.

बाकी तांब्याच्या नाण्यांनाही डिस्टिल्ड वॉटरच, तीन-चार दिवस. मग टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी घेऊन भिंगाखाली अक्षराच्या कडेकडेने माती काढा. तारेचा ब्रश आणि सुई नको.

आगाशिव (कराड)

वेगळी नाणी घ्यायची घाई करू नका. तुमच्या हातात आहे तोच या छंदातला सगळ्यात गोड भाग आहे.

शिवराईवर पुढे तीन ओळी असतात : श्री / राजा / शिव. मागे दोन : छत्र / पति. भोवती बिंदूंची किनार. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असायचा आणि चकती हाताने ठेवून घाव घालायचे, म्हणून प्रत्येक नाण्यावर लेखाचा वेगळा तुकडा पडतो. एका नाण्यावर डावीकडचा 'रा', दुसऱ्यावर उजवीकडचा 'जा'. दोन्ही एकाच ठशाचे निघाले की ओळ पूर्ण होते.

करायचं असं. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या, छोट्या कागदी पाकिटात घाला. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पंखा बंद करून तीनदा वजन करा. व्हर्नियरने सर्वात मोठा आणि सर्वात लहान व्यास, दोन्ही लिहा, कारण चकती गोल नसते. फोटो काढताना मोबाइल स्टँडवर एकाच उंचीला ठेवा आणि शेजारी पट्टी असू द्या. दिवा वरच्या डाव्या अंगाला, अगदी खाली, जवळजवळ नाण्याच्या पातळीत. समोरून प्रकाश टाकला तर झिजलेलं अक्षर गायबच होतं. दोन फोटो काढा, दुसऱ्यात दिवा उजवीकडे न्या. पहिल्यात न दिसलेली मात्रा कधीकधी दुसऱ्यात दिसते.

सगळे फोटो एकाच प्रमाणात, पाचपट मोठे छापा. वर बटर पेपर ठेवून दिसतं तेवढंच गिरवा. 'असेल' म्हणून एक रेघही जोडू नका. मग दोन कागद एकमेकांवर ठेवून उजेडासमोर धरा. नुसतं अक्षर जुळलं म्हणजे ठसा एक असं होत नाही. किनारीचा ठरावीक बिंदू आणि अक्षराचं टोक यांतलं अंतर जुळलं पाहिजे.

ओळखीची सगळ्यात पक्की खूण म्हणजे ठशाची चीर. ठसा तडकला की नाण्यावर ती रेघ उठून येते. खोल गेलेली रेघ मात्र नाण्यावर नंतर पडलेला ओरखडा असतो, ती धरू नका. आणि चीर वाढत जाते. एका नाण्यावर ती 'रा'पाशी संपते आणि दुसऱ्यावर किनारीपर्यंत पोचते, तर दुसरं नाणं नंतर पाडलेलं. भंगारातल्या दोन नाण्यांपैकी आधीचं कोणतं हे असं सांगता येतं! यासाठी एका चकचकीत नाण्यापेक्षा ३९ झिजलेली नाणी कितीतरी जास्त उपयोगाची.

मागे दोन आडव्या रेघा असलेल्या त्या दुदांडी शिवराया. त्या उत्तरकालीन, त्यांचा गठ्ठा वेगळा करा. वजनाचाही आधार घ्या : जुन्या जड शिवराया ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास भरतात, नंतरच्या साधारण ८ ते १०. लेखनातले फरक जसेच्या तसे नोंदवा. 'शिव'चा 'सीव', 'पति'चा 'पती' झालेला आढळतो. तो दुरुस्त करून लिहिलात तर वर्गीकरणाचा धागाच तुटतो.

कृष्णाकाठ (सांगली)

दुदांडी सात निघाल्या. एक अडचण : खोटं नाणं ओळखायला घनता काढली. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणला, नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडलं. कोरडं वजन ८.९२, पाण्यातला आकडा १.१९. भागाकार ७.५ येतो. तांबं तर ८.९६ असतं. नाणं बनावट म्हणायचं का?

टांकसाळ (सातारा)

लगेच नको. झिजलेल्या नाण्याच्या खड्ड्यांत हवेचे बुडबुडे अडकतात, आकारमान जास्त मोजलं जातं आणि घनता खाली येते. पाणी उकळून गार करा, त्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका, बुडवलेल्या नाण्यावरून मऊ ब्रश फिरवा आणि पुन्हा मोजा. नाणं तळाला किंवा काठाला टेकलेलं नाही ना तेही बघा. आकडा १.०२ च्या आसपास आला तर घनता ८.७५ होते, ती जुन्या तांब्याला साजेशी आहे. एवढ्या लहान आकड्यात ०.०१ ची चूक म्हणजे एक टक्का, त्यामुळे या पद्धतीने तांबं आणि पितळ वेगळं करायला जाऊ नका. जस्ताच्या मिश्रधातूची नक्कल मात्र सातच्या आसपास येऊन पकडली जाते.

ओतीव नक्कल भिंगाखाली कळते : कडेवर साच्याचा सांधा, सपाट भागात टाचणीच्या टोकाएवढी भोकं, साबण वितळावा तशी गुळगुळीत अक्षरं. ठोकलेल्या नाण्याची कड बऱ्याचदा फाटलेली असते. आणि दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी असेल तर दोन्ही संशयास्पद.

मिरज_वेस

शिशाच्या तीन नाण्यांसाठी हे उत्तर. त्यांना वरचा डिस्टिल्ड वॉटरचा उपाय करू नका, शुद्ध पाणी शिसं खातं. कोरड्या मऊ ब्रशने घासूही नका, शिशाची धूळ विषारी असते. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. लाकडी कपाटात, प्लायच्या ड्रॉवरमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते आणि वर्षा-दोन वर्षांत लेख पुसला जातो. पॉलिप्रॉपिलीनच्या घट्ट डबीत सिलिका जेलबरोबर ठेवा. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे अल्बम कोणत्याच नाण्याला नकोत, त्यांतून हिरवा चिकट थर बसतो.

धनुष्यबाण असेल तर नाणं कोल्हापूरच्या कुर राजांचं (नावाच्या शेवटी 'कुर' असलेले सातवाहन काळातले राजे) असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि कठड्यातलं झाड शोधा. अशी नाणी कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या १९४५-४६ च्या उत्खननातही मिळाली आहेत. लेख ब्राह्मीत, धनुष्याभोवती गोल फिरतो. तीन नावं येतात : रञो वासिठीपुतस विळिवायकुरस, रञो माढरीपुतस सिवलकुरस, रञो गोतमिपुतस विळिवायकुरस. 'रञो' म्हणजे राजाचं, 'पुतस' म्हणजे पुत्राचं. पहिल्या आणि तिसऱ्या राजाचं नाव एकच, म्हणून 'पुतस'च्या आधीचं अक्षर बघायचं. ब्राह्मी 'ठ' म्हणजे साधं वर्तुळ. ते दिसलं तर वासिठीपुत.

तिरपा प्रकाश टाकून आणखी एक गोष्ट तपासा : वरच्या छापाखाली जुना छाप डोकावतो का? सिवलकुराने वासिठीपुताची नाणी पुन्हा ठोकली आणि गोतमिपुताने त्या दोघांचीही. तिघांचा क्रम त्यावरूनच लागला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या १३ हजारांवर चांदीच्या नाण्यांतही असंच आहे : क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा डोंगर ठोकलेला.

कायद्याचंही लक्षात असू द्या. भंगारवाल्याकडून साधी पावती लिहून घ्या. नदीकाठी किंवा शेतात जमिनीतून निघालेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांपलीकडचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परदेशी पाठवता येत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

बुडबुडे काढल्यावर १.०३ आलं. बटर पेपरवर क्रमांक ४, ११ आणि २६ एकाच ठशाचे जुळताहेत : 'जा'च्या काण्यापासून निघालेली उठावाची चीर तिन्हींवर आहे, ४ वर सगळ्यात आखूड, २६ वर किनारीला भिडलेली. तिन्ही कागद एकत्र धरले की 'श्री राजा' पूर्ण होतं. 'शि'चा डावा भाग अजून कुठेच नाही. धनुष्याच्या नाण्यावर 'पुतस'च्या आधी वर्तुळ दिसतंय, पण वर वेलांटी की ओरखडा ते ठरत नाही.

मिरज_वेस

दिवा आता खालून लावून फोटो काढा. वेलांटी उठावाची असेल तर सावली वरच्या बाजूला पडेल, ओरखड्यात ती खालच्या काठाशी, आतल्या आत दिसेल.