मदत हवी आहे: शाखेतून एसक्यूएल सर्व्हरवर लॉगिन होतं, पण मोठा रिपोर्ट अडकतो

नमस्कार मंडळी,

आमचं खत-बियाण्यांच्या वितरणाचं काम आहे. एसक्यूएल सर्व्हर (आमचा डेटाबेस) पुण्यात, आणि लातूर, कराड, सावंतवाडी या शाखा आयपीसेक व्हीपीएनवरून (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित टनेल) त्याला जोडलेल्या. लातूर-कराडची काहीच तक्रार नाही. सावंतवाडीची लाइन नुकतीच बदलली, नवा राउटर आला, कनेक्शन आता पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जुळणारं ब्रॉडबँड) आहे. त्रास तेव्हापासून.

लॉगिन लगेच होतं. ग्राहकाचं नाव शोधलं, एखादं बिल उघडलं तर क्षणात येतं. पण स्टॉक रिपोर्ट किंवा वर्षभराचा खातेउतारा मागितला की स्क्रीन गोठते आणि शेवटी टाइमआउट, नाहीतर १००५४ एरर (कनेक्शन पलीकडून तुटलं).

पिंग व्यवस्थित आहे. एसक्यूएल सर्व्हरचा पोर्ट १४३३ उघडा आहे. इन्स्टन्स डीफॉल्ट आहे, त्यामुळे ब्राउझर सर्व्हिस (नाव दिलेल्या इन्स्टन्सचा पोर्ट सांगणारी सेवा) आणि तिचा यूडीपी १४३४ यांचा संबंध येत नाही. तोच रिपोर्ट पुण्यात लगेच निघतो. सावंतवाडीतून चालवला की त्या सेशनचा वेट टाइप 'असिंक नेटवर्क आयओ' दिसतो, म्हणजे सर्व्हरकडे डेटा तयार आहे, पलीकडे तो घेतला जात नाहीये. ब्लॉकिंग (दुसऱ्या क्वेरीने अडवून ठेवणं) नाही. सॉफ्टवेअरवाले इंडेक्स बघा म्हणतात, ते मला पटत नाही.

खरीप तोंडावर आहे. शाखेतल्या ताई शेतकऱ्याला काउंटरवर थांबवून पुण्याला फोन लावतात, शिल्लक विचारतात, मग बिल करतात. त्यांचे हे हाल बघवत नाहीत. कुठे शोधू?

प्रतिसाद १
कमांड टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. वाढवून बघितलात का?

प्रतिसाद २
टाइमआउट वाढवून फक्त जास्त वेळ ताटकळाल. लक्षणं एमटीयूची आहेत, म्हणजे लाइनवरून जाऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटच्या आकाराची. छोटं उत्तर एका लहान पॅकेटात मावतं, म्हणून लॉगिन आणि बिल चालतं. मोठा रिपोर्ट आला की सर्व्हर १५०० बाइटची भरलेली पॅकेटं 'डोन्ट फ्रॅगमेंट' (तुकडे करू नका) अशी खूण लावून सोडतो. पीपीपीओईमुळे लाइन १४९२ वर येते, त्यातून आयपीसेकचं ओझं वजा होतं, मग ती पॅकेटं टनेलमध्ये मावत नाहीत. अशा वेळी वाटेतल्या राउटरने 'पॅकेट मोठं आहे' असा आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारे संदेश) टाइप ३ कोड ४ निरोप पाठवायला हवा. तो फायरवॉलने अडवला तर सर्व्हरला काही कळतच नाही, तो तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहतो. नुसता पिंग चालतो यावरून हा निरोपही पोचतो असं धरू नका.

पुण्याहून 'डोन्ट फ्रॅगमेंट' लावून १४७२ चा पिंग करा, मग कमी करत या. जाईल त्या आकड्यात आयपी आणि आयसीएमपी हेडरचे २८ मिळवले की खरा एमटीयू.

धागाकर्ता
दादा, अगदी तसंच निघालं. १४७२ ला उत्तरही नाही, 'फ्रॅगमेंट करावं लागेल' हा संदेशही नाही, नुसता टाइमआउट. १३७२ आरामात जातो. म्हणजे एमटीयू १४००. लातूर आणि कराडच्या राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (एका टीसीपी पॅकेटातल्या डेटावर राउटरने घातलेली मर्यादा) लावलेलं सापडलं, सावंतवाडीच्या नव्या राउटरवर नाही. आता सर्व्हरच्या नेटवर्क कार्डचाच एमटीयू कमी करू का?

प्रतिसाद २
सर्व्हरला हात लावू नका, त्याची झळ पुण्यातल्या सगळ्यांना बसेल. १४०० मधून आयपी आणि टीसीपी हेडरचे ४० वजा करा, आणि शाखेच्या राउटरवर टनेलला एमएसएस १३६० द्या. क्लॅम्पिंग येणाऱ्या आणि जाणाऱ्या, दोन्ही दिशांना लागतंय ना ते बघा. नंतर प्रोग्राम बंद करून उघडा, कारण एमएसएस कनेक्शन जुळतानाच ठरतो. आणि टाइप ३ कोड ४ पुण्याच्या फायरवॉलवर नक्की उघडा.

धागाकर्ता
१३६० टाकलं. स्टॉक रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत आला, खातेउतारेही निघतायत. ताईंचा स्वतःहून फोन आला! मनापासून आभार. फायरवॉलचा नियम आज रात्री शाखा बंद झाल्यावर बदलतो.