मदत हवी आहे: फॅफ्सावर जुनं उत्पन्न, नोकरी मात्र गेली

मुलगी अमेरिकेत कॉलेजला, आम्ही सगळे सिटिझन. 2026-27 चा फॅफ्सा (कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) 2024 चं उत्पन्न धरतो. तेव्हा नवऱ्याची नोकरी होती, यंदा मार्चमध्ये गेली. कॉलेजच्या एड ऑफिसचा (आर्थिक मदत कार्यालयाचा) ‘स्पेशल सर्कमस्टन्सेस’ फॉर्म, म्हणजे परिस्थिती बदलली म्हणून फेरविचाराचा अर्ज, भरलाय, लेऑफचं पत्र आणि शेवटची पे-स्लिप जोडलीय. फॅफ्सातला आकडा आपण बदलायचा नसतो, निर्णय कॉलेजचाच, शिक्षण खात्याकडे त्यावर दाद मागता येत नाही, हे माहीत आहे.

घोडं अडलंय सेव्हरन्सवर, म्हणजे नोकरी जाताना कंपनीने दिलेल्या पैशांवर. चार महिन्यांचा पगार एकरकमी मिळाला, त्यामुळे यंदाही आम्ही कागदावर सुखवस्तूच! प्रत्यक्षात तो घराच्या हप्त्यांत आणि विम्यात कधीच संपला.

कॅलेंडर वर्षाऐवजी पुढच्या बारा महिन्यांचं अंदाजे उत्पन्न धरा, असं कुणी मागितलंय का? सोबत कोणते कागद लावले?