राक्षस शत्रू म्हणून आणणं हा आळस? मला पटत नाही

फासेवाला, रत्नागिरी
परवा इथे कुणीतरी लिहिलं, की डीएनडीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) डीमन आणि डेव्हिल या सैतानी जाती शत्रू म्हणून आणणं हा डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, आळस आहे, मारताना कुणाला विचार करावा लागत नाही. अहो, खरा बिनविचार माणूस-डाकू मारताना होतो! डेव्हिल करार पुढे करतो आणि आपलाच खेळाडू सही करतो. डीमनला इथे मारलं तरी तो संपत नाही, अबिसमध्ये, त्याच्या पाताळात, परत उभा राहतो. नुसत्या तलवारीने सुटणारा प्रश्नच नाही हा. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत पालकांच्या ओरडीपायी ही दोन्ही नावं काढली होती. 2000 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत परत आणावी लागलीच ना?

खाडीपलीकडची
पोस्ट माझी होती. करार तुमच्या टेबलावर असतील. आमच्याकडे दार उघडा, डीमन, मारा, लूट. पळणाऱ्याला सोडू का विचारलं, तर डीएम म्हणे, "डीमनच तो, पाप नाही." मी उठून घरी आले.

कुडाळचो झील
तुमचे डीमन तुमका लखलाभ. माझ्या चुलतभावाच्या गेमात देवचार बॉस, म्हणजे शेवटचो मोठो शत्रू, होतो! देवचार गावचो राखणदार. तेच्या काठीचो आवाज ऐकत वाट गावली, असा माझो आजो सांगी. तेका हिट पॉइंट दितास, किती घावांत मरतलो ता मोजूक?

फासेवाला, रत्नागिरी
बऱ्याच ठिकाणी वेताळ म्हणजे भूत, वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तोच वेतोबा, देव. चामड्याच्या चपला नि केळी वाहतात त्याला. मग गेममध्ये एकच रूप कसं चालेल?

कुडाळचो झील
वेतोबाक मधी आणू नको. सांगून ठेवतंय.

दशावतारवेडा
भांडताय कशाला? 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलात, डीएनडीच्या राक्षसांच्या पुस्तकात, आपला राक्षस वाघाच्या डोक्याचा केलाय, त्यावर कुणी बोललं नाही. आमचा दशावतारी नाटकातला संकासुर बघा. वेद पळवतो, तरी आधी मालवणीत बोलून मांडव हसवतो. विष्णू मारतो तेव्हा लोकांनी त्याला ओळखलेलं असतं.

खाडीपलीकडची
संकासुराचं पटलं, नाइलाजाने. बोलणारा राक्षस असेल तर खेळेन. दार उघडून कत्तल असेल तर नाही.

फासेवाला, रत्नागिरी
मग माझंच म्हणणं झालं. देवचाराचं नाव बदला, वाद मिटेल.

कुडाळचो झील
नाव बदलून काय होता? काठी, वेस, रात्रीची फेरी तशीच ठेवलास तर तो देवचारच. पुरो काढा.