अर्थव्यवस्था सावरली म्हणता, मग दुचाक्या कुठे गेल्या?

ताळेबंद:
कोव्हिडनंतर देश किती झपाट्यानं सावरला यावर परवा एका लग्नात वाद झाला. काका म्हणाले, "आधी जीएसटीचे आकडे बघ, मग बोल." मंगलाष्टकं सुरू झाली म्हणून गप्प बसलो. इथे फोरमवर लिहितो.

सावरलो, हे मलाही मान्य आहे. पण सावरल्याची खूण म्हणून जे आकडे नाचवले जातात ते फारसं काही सांगत नाहीत. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, २४.४ टक्क्यांनी घसरला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्क्यांनी वाढला आणि मथळे झळकले. आता हिशोब करा. शंभर रुपये होते, त्यातले ७५ रुपये ६० पैसे उरले. त्यावर २०.१ टक्के वाढ, म्हणजे झाले ९० रुपये ८० पैसे. 'विक्रमी' वाढीनंतरही दोन वर्षांपूर्वीच्या नऊ टक्के खालीच. पूर्ण वर्षाचीही तीच गत: २०२०-२१ मध्ये ६.६ टक्के घट, २०२१-२२ मध्ये ८.७ टक्के वाढ. दोन वर्षांची कमाई दीड टक्का. (हे मे २०२२ मध्ये जाहीर झालेले आकडे. नंतर ते सुधारले गेले.)

मी दुचाकीची विक्री बघतो. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी १२ लाख दुचाक्या विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये जेमतेम १ कोटी ३५ लाख. २०२४-२५ उजाडलं तरी १ कोटी ९६ लाखच. याच सहा वर्षांत मोटारी मात्र ३४ लाखांवरून ४३ लाखांवर गेल्या. ज्याच्याकडे होतं त्याचं चांगलं झालं, एवढंच मला यातून दिसतं.

सरळसोट:
असहमत. दुचाकीचा आकडा तुम्ही सोयीचा निवडलाय. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागू लागला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला, गाड्या महागल्या. २०१९-२० मध्येच विक्री १ कोटी ७४ लाखांवर आली होती, म्हणजे घसरण कोव्हिडच्या आधीची आहे. तिचं खापर महामारीवर कशाला?

आणि जीएसटी का नको? एप्रिल २०२० मध्ये ३२,१७२ कोटी, एप्रिल २०२१ मध्ये १.४१ लाख कोटी, एप्रिल २०२४ मध्ये २.१० लाख कोटी. यूपीआयनं ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्यांदा महिन्याला १०० कोटी व्यवहारांचा टप्पा गाठला, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींचा. बँकांची थकीत कर्जं २०१८ मध्ये ११ टक्क्यांच्या वर होती, मार्च २०२४ मध्ये २.८ टक्के. आणखी किती पुरावे हवेत?

रिटर्नवाली:
लोकांचे जीएसटी रिटर्न भरून देणं हाच माझा धंदा, म्हणून बोलते. एप्रिल २०२० च्या आकड्याशी तुलना करूच नका. एप्रिलमध्ये जमा होणारा कर मुख्यतः मार्चच्या विक्रीचा असतो. त्या मार्चचा शेवटचा आठवडा बंद होता आणि वर रिटर्नच्या मुदती वाढवून दिल्या होत्या. जे भरू शकत होते तेही थांबले. त्या खड्ड्यात उभं राहून बघितलं तर टेकाडसुद्धा डोंगर दिसणार.

दुसरं म्हणजे कर लागतो किमतीवर. एप्रिल २०२१ ते सप्टेंबर २०२२ असे सलग १८ महिने घाऊक महागाई दोन अंकी होती. पत्रा महागला की तेवढ्याच टनांवर सरकारला जास्त कर मिळतो. माझ्या एका क्लायंटचं छोटं वर्कशॉप त्याच काळात बंद पडलं, नोंदणी रद्द करायचा अर्ज मीच भरला. त्याची कामं मोठ्या कंपनीकडे गेली. ती कंपनी कर भरतेच आहे, त्यामुळे वरच्या बेरजेत या माणसाचं नुकसान कुठेच दिसत नाही.

सरळसोट:
एका वर्कशॉपवरून देशाचा निष्कर्ष? तशी उघडलेली दहा मीही सांगेन.

बांधावरून:
जून २०२० च्या तिमाहीत सगळं कोसळलं आणि शेती तेवढी ३.४ टक्क्यांनी वाढली. पेपरांनी लिहिलं, शेतीनं तारलं. तारलं खरं, पण कसं ते बघा. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के शेतीत होते, २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के. शहरातून माणसं परत आली आणि होत्या त्याच रानात खपू लागली. भाकरी तेवढीच, खाणारी तोंडं वाढली. रोजगार हमीचे मनुष्यदिवस २०१९-२० मधल्या २६५ कोटींवरून २०२०-२१ मध्ये ३८९ कोटींवर गेले. शौक म्हणून कुणी खड्डे खणत नाही.

बरं, संकट सरल्यावर ती परत गेली असतील? २०२३-२४ मध्ये शेतीतला वाटा ४६.१ टक्के होता.

फिरस्ता:
लॉकडाऊनमध्ये पार्ले-जीचा विक्रमी खप झाला होता. तेव्हाही म्हणता आलं असतं, बाजारात मागणी जोरात आहे.

सरळसोट:
😀 हे मात्र मान्य.
पण बांधावरून, तुम्ही अर्धीच पाहणी सांगताय. तिच्यातच बायकांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण) २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेलाय. ही प्रगती नाही?

रिटर्नवाली:
आकडा बरोबर आहे, पण त्याच्या आत डोकावा. स्वयंरोजगारवाल्यांचा वाटा त्याच काळात ५२ वरून ५८ टक्क्यांवर गेला. त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही येतात. माझी आई आयुष्यभर तेच करत आली. तिला आता 'रोजगार मिळाला' असं म्हटलं तर ती हसेल.

फिरस्ता:
तुमच्या सगळ्यांच्या भांडणाला उपयोगी आकडा देतो. शेती आणि बांधकाम सोडून छोट्या, कंपनी म्हणून न नोंदलेल्या उद्योगांत २०१५-१६ मध्ये ११.१३ कोटी लोक काम करत होते. २०२१-२२ मध्ये ९.७९ कोटी. २०२२-२३ मध्ये १०.९६ कोटी. २०२३-२४ मध्ये १२.०६ कोटी.

सरळसोट:
झालं की मग! १२.०६ म्हणजे आधीपेक्षा जास्त. सावरलं.

ताळेबंद:
सावरलं, आठ वर्षांनी. मधल्या काळात कामाच्या वयात आलेल्या पोरांचं काय? शिवाय यात नोटाबंदीही आली, जीएसटीची सुरुवातही आली. सगळं कोव्हिडच्या माथी मारता येत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र मी घेतो. बीएस-६ चाही घेतो. दुचाकीचा आकडा मी मांडला तितका निर्णायक नाही.

पण जीएसटीपेक्षा तो मला अजूनही जवळचा वाटतो. दुचाकी घेणारा माणूस हप्त्याचा विचार करतो. पुढची तीन वर्षं काम टिकेल असं वाटलं तरच सही करतो.

बांधावरून:
आमच्याकडे सोनं गहाण ठेवून घेतात. तेवढं धरून चाला.

ताळेबंद:
काकांना हे सगळं वाचायला दिलं. त्यांचं एवढंच उत्तर आलं: "यातला सरळसोट कोण? त्याला एकदा चहाला बोलाव."