मदत हवी आहे : आघाडीच्या करारात भाषिक अल्पसंख्याकांचा वाटा लिहून घेता येतो का?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावी वाचनालयाची वक्तृत्व स्पर्धा आहे. पुतणी दहावीला, मराठी माध्यमात. तिचा विषय ‘आघाडी सरकार आणि सत्तावाटप’. तयारी मी करून घेतोय आणि एका प्रश्नाशी घोडं अडलंय.

कर्नाटकातली उदाहरणं जमवली आहेत. २००६ मध्ये जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि भाजप यांच्यात मुख्यमंत्रिपद २०-२० महिने वाटून घ्यायचं ठरलं. जनता दलाच्या कुमारस्वामींची पाळी संपली आणि बिनसलं. नोव्हेंबर २००७ मध्ये भाजपच्या येडियुरप्पांनी शपथ घेतली, पण पाठिंबा न मिळाल्यानं आठवडाभरात राजीनामा द्यावा लागला. पुढे २०१८ चं काँग्रेस-जनता दल सरकार जुलै २०१९ मध्ये ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडलं. तेव्हा अपात्र ठरलेल्या १७ आमदारांत गोकाक, अथणी आणि कागवाडचे आमदार होते. बेंगळूरचं सरकार हलवण्याइतकं वजन आपल्या जिल्ह्याला आहे, असं मी तिला सांगितलं.

तिनं तिथंच मला धरलं. “काका, एवढं वजन आहे तर आजीला शेताचा उतारा दुसऱ्याकडनं का वाचून घ्यावा लागतो?” उतारा कन्नडमध्ये, आजीला येते फक्त मराठी. उत्तर मला सुचलं नाही, आणि ते तिच्या भाषणात यायलाच हवं असं वाटतं.

सीमाभागातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ मध्ये दोन आमदार होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही निवडून आला नाही, त्यामुळे बोलणीला आपल्या बाजूनं बसणार कोण, हा प्रश्न आहेच. पण समजा उद्या एखाद्या पक्षानं किमान समान कार्यक्रमात (आघाडीतले पक्ष मिळून ठरवतात त्या कामांच्या यादीत) मराठी कागदपत्रांचा मुद्दा घातला, तर तो पाळणं बंधनकारक होतं का? मोडला तर कोर्टात जाता येतं का?

प्रतिसाद :

लिहून घेता येतो, पाळायला लावता येत नाही. आघाडीचा करार हा राजकीय शब्द आहे. पक्षांतरबंदी कायदा आमदाराला त्याच्या पक्षाशी बांधतो, पक्षाला मित्रपक्षाशी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर बहुमताचा फैसला सभागृहात होतो. कोणी कोणाला काय कबूल केलं होतं, हे तिथं मोजलं जात नाही.

पुतणीला बेल्जियमचं उदाहरण द्यायला सांगा. तिथल्या केंद्रीय मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच भाषकांची संख्या समान ठेवावी लागते. हे राज्यघटनेत आहे, म्हणून सरकार कोणाचंही आलं तरी टिकतं. आपल्याकडे कलम ३५०क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची तरतूद आहे आणि ३५०ख नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला जातो, ज्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. एखाद्या तालुक्यात अल्पसंख्याक भाषिक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं धोरणही आहे. आजींच्या उताऱ्याचं भांडण तिथून लढवा, मंत्रिपदांच्या वाटणीतून नको.

धागाकर्ता :

मनापासून आभार. १५ टक्क्यांचं मला माहीतच नव्हतं. खानापूर तालुक्याचा आकडा कुठं बघायचा?

प्रतिसाद :

२०११ च्या जनगणनेतला मातृभाषेचा तक्ता काढा. तालुकावार आहे.