टॅबलेटची गोंदाने चिकटवलेली काच घरी कशी काढावी?

निळी_शाई:
आयपॅड नववी पिढी. एका कोपऱ्यापासून काचेला तडे गेलेत. चित्र स्वच्छ दिसतं, पण उजवीकडच्या एका पट्ट्यात टच लागत नाही. फक्त काच बदलून भागेल का? बाहेर एकही स्क्रू नाही, म्हणजे सगळा खेळ गोंदाचा. घरात हीट गन आहे, ती चालेल का? आतल्या केबल तुटतील याची धास्ती आहे.

दुर्बीण:
हीट गन नको. तिची हवा काही क्षणांत शंभर अंशांच्या पुढे जाते आणि काचेखाली डिस्प्ले आहे, त्याखाली लिथियम बॅटरी. हेअर ड्रायर पुरे.
त्याआधी एक बघा: काच कुठे फुगून वर आलीय का? असेल तर बॅटरी सुजली असण्याची शक्यता आहे. मग उष्णताही नको आणि खाली काही खुपसणंही नको, सरळ दुरुस्तीवाल्याकडे द्या.

शेवटचा_स्क्रू:
या मॉडेलमध्ये टचची काच वेगळी आणि डिस्प्ले वेगळा असतो. स्क्रीन तिरकी धरून पाहा, चित्र काचेच्या किंचित खाली बसल्यासारखं दिसेल. त्यामुळे फक्त काच बदलता येते. आयपॅड प्रोसारख्या मॉडेलमध्ये दोन्ही एकजीव असतात, तिथे पूर्ण जोडच बदलावा लागतो.

चार्ज पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरवा आणि आयपॅड बंद करा. तड्यांवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, एकमेकींवर थोडी चढवत, पूर्ण काचभर. नाहीतर काचेचे कण डिस्प्लेवर पडतात, शिवाय डोळ्यांत उडतात. चष्मा हवाच.

मग एकच कड तापवा. काच हाताला चांगली गरम लागावी, पण बोट ठेवता आलं पाहिजे. सक्शन कपने जराशी फट पाडा (फुटक्या काचेवर कप धरत नाही, तिथे चिकटपट्टीवर लावा) आणि गिटारचा पिक आत सरकवा. धातूचं पातं अजिबात नको. पिक काही मिलिमीटरच आत, कारण गोंद कडेलाच आहे आणि त्यापुढे डिस्प्ले लागतो. गोंद थंड झाला की पिक अडतो. तेव्हा जोर लावू नका, पुन्हा तापवा. सुटलेल्या कडेत एक पिक तसाच राहू द्या, नाहीतर गोंद परत धरतो. पुढच्या कॅमेऱ्यावरून पिक नेऊ नका, लेन्सवर गोंद फासला जातो.

आता केबलचं. काच चारही बाजूंनी सुटली तरी उचलून घेऊ नका. टचच्या केबल डिस्प्लेच्या खाली जोडलेल्या असतात. केबलची बाजू जागेवरच ठेवून, पुस्तकाचं पान उलटावं तशी काच उघडा. मग डिस्प्लेचे कोपऱ्यांतले स्क्रू काढून तोही तसाच अलगद उलटा.

अवकाळी:
वरच्यात एक भर. या आयपॅडात बॅटरीचा कनेक्टर उपटून निघत नाही. त्याचा स्क्रू काढून मुख्य सर्किट बोर्डाखालच्या संपर्कांमध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवतात. ती न घालता डिस्प्लेची केबल ओढली तर बॅकलाइट जाण्याचा धोका असतो. ही पायरी गाळू नकाच.
आणि होम बटण जुन्या काचेवरून जपून उतरवा. टच आयडी त्याच बोर्डाशी बांधलेला असतो, दुसरं बटण लावलं तर बोटाचा ठसा चालणार नाही.

निळी_शाई:
बॅटरी सुजलेली नाही, काच सपाट आहे. नवी काच आली की सुरुवात करतो. चिकटवताना काय वापरू? सुपरग्लू घरात आहे.

शेवटचा_स्क्रू:
सुपरग्लू नाही. त्याच्या वाफेने काचेच्या आतून पांढरट थर बसतो आणि पुढच्या वेळी काच निघणारही नाही. त्या मॉडेलसाठी कापलेल्या तयार चिकटपट्ट्या मिळतात, त्या सगळ्यांत सोप्या. जुना गोंद प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अल्कोहोल कापडावर घ्या, फ्रेमवर ओतू नका. धातूची चौकट कुठे वाकली असेल तर आधी सरळ करा. वाकलेल्या कोपऱ्यावर दाबून बसवलेली नवी काच तिथूनच तडकते.

दुर्बीण:
पट्टीचा कागद सोलण्याआधी केबल जोडून आयपॅड चालू करून बघा. एखादा आयकॉन धरून पूर्ण स्क्रीनभर फिरवा, उजवीकडच्या त्या पट्ट्यातूनही. कुठे सुटला नाही तरच चिकटवा.