अनरियल टूर्नामेंट २००४, ऑनस्लॉट: मधला नोड मिळतो, पण टिकत नाही

चक्रधर_०४

ऑनस्लॉट म्हणजे या गोळीबाराच्या गेममधला असा प्रकार, ज्यात नोड (ताब्यात घ्यायचे नकाशावरचे बिंदू) जोडत जाऊन समोरच्या संघाचा कोअर (मुख्य केंद्र) फोडायचा. आम्ही खेळतो पाच विरुद्ध पाच, लॅनवर (एकाच जागच्या नेटवर्कवर), पॅच ३३६९. नकाशा बहुतेक वेळा टॉरलान. अडचणी अशा:

मधल्या मनोऱ्याचा नोड आम्ही आधी गाठतो, पण पुढच्या अर्ध्या मिनिटात तो हातचा जातो. गोलायथ (रणगाडा) मिळाला तरी तो नोडपर्यंत पोचायच्या आत पेट घेतो. वीस मिनिटं संपून ओव्हरटाइम लागला की आमच्या कोअरचे टक्के समोरच्यापेक्षा भराभर उतरतात, आणि त्या वेळी कोअरवर कुणी गोळीसुद्धा झाडत नसतं. हे असं का होतं?

शिवाय एका मशीनवर लॅनच्या टॅबमध्ये सर्व्हर दिसतच नाही. बाकी सगळ्यांना दिसतो.

किरणवाला

नोड "मिळाला" असं तुम्ही ज्याला म्हणताय, तिथेच घोळ आहे. रिकाम्या नोडला स्पर्श केला की बांधकाम फक्त सुरू होतं. ते आपोआप पुरं व्हायला साधारण ३० सेकंद लागतात आणि तोवर नोडचं आरोग्य शून्याच्या आसपासपासून हळूहळू चढत असतं. पहिल्या पाच-सात सेकंदांत एखादा मँटा (हवेत तरंगणारी हलकी गाडी) येऊन दोन फैरी झाडून गेला तरी नोड फुटतो. रंग आपला दिसला म्हणून पुढे पळालात की समोरच्याला फुकटचा नोड.

स्पर्श करणाऱ्याने जागा सोडायची नाही. लिंक गन काढून उजवं बटण दाबून ठेवायचं. तो हिरवा किरण नोडवर पडला की बांधकाम चांगलंच वेगात होतं. दोघे असले तर दोघांनीही. डाव्या बटणाचे प्लाझ्माचे गोळे दुरुस्ती करत नाहीत, नवे लोक हमखास तेच मारत बसतात. सुरुवातीला हातात फक्त असॉल्ट रायफल आणि शील्ड गन असते, म्हणून बेसवरून निघताना शस्त्रांच्या लॉकरवरून जायचं. लॉकर चुकवून थेट गाडीत उडी मारणारा नोडवर पोचतो खरा, पण तिथे नुसता उभा राहतो.

आणि एक: किरण नोडवर असताना तुम्ही एका जागी खिळलेले असता. नोडचा चौथरा शत्रू आणि तुमच्या मध्ये येईल अशी बाजू धरा.

तुटका_दुवा

किरणवाला यांच्याशी सहमत, पण मधल्या नोडचा एवढा अट्टहास कशाला?

ऑनस्लॉटमध्ये वाटेल त्या नोडवर हल्ला करता येत नाही. तुमच्या नोडशी किंवा कोअरशी रेषेने जोडलेल्याच नोडचं कवच उघडं असतं. कोअरचंही तेच. म्हणून नकाशावरच्या रेषा आधी वाचायच्या. समोरच्याचा पुढचा नोड फोडण्यात जीव काढण्यापेक्षा त्याच्या कोअरला पुढच्या नोडांशी जोडणारा मागचा नोड पाडला, तर पुढचे सगळे अधांतरी लटकतात. अनाउन्सर "आयसोलेटेड" म्हणून ओरडतो ते हेच. असा तुटलेला नोड कुणी हात न लावताही आपोआप झिजत जातो. मधला नोड तुमच्या हातून जातो त्यातल्या निम्म्या वेळा समोरच्याने तो फोडलेलाच नसेल, तुमचा मागचा नोड गेला असेल. ती घोषणा कानावर आली की मधला सोडा आणि मागे पळा.

पळा म्हणजे पायी नव्हे. आपल्या पूर्ण बांधलेल्या नोडवर उभं राहून वापराची की (मूळ सेटिंगमध्ये ई) दाबली की नकाशा उघडतो, दुसऱ्या नोडवर क्लिक केलं की तिथे पोचता. गाडी मात्र सोबत येत नाही.

ओव्हरटाइमचं उत्तरही यातच आहे. वेळ संपली की दोन्ही कोअर आपोआप झिजू लागतात, आणि ज्याच्या ताब्यात कमी नोड त्याचा कोअर जास्त वेगाने. कोअर लिंक गनने दुरुस्त होत नाही, तेव्हा तिथे माणूस उभा करून किरण मारण्यात अर्थ नाही. अठराव्या मिनिटापासून हल्ले थांबवून नोडांची संख्या वाढवा, कोपऱ्यातले बिनकामाचे वाटणारे नोडसुद्धा. दिलेल्या वेळेत कोअर फोडला तर २ गुण, ओव्हरटाइममध्ये १. सामना ३ गुणांचा असेल तर हा हिशोब महागात पडतो.

चक्रधर_०४

मागचा नोड! हे ध्यानातच आलं नव्हतं. आणि गोलायथचं काय?

पाना_आणि_पक्कड

गोलायथचं आरोग्य ८०० आहे. ऐकायला भरपूर, पण तो मंद आहे आणि एव्हरिलसमोर (गाड्या फोडायचा रॉकेट लाँचर) आयतं लक्ष्य. (तुलनेला बाकीची वाहनं: मँटा २००, स्कॉर्पियन आणि उडणारा रॅप्टर ३००, हेलबेंडर ६००, लेव्हायथन ५०००.) एव्हरिलचा नेम गाडीवर लागला की रॉकेट पाठलाग करतं, मँटा एकातच जातो. पण दोन रॉकेटांमध्ये सुमारे चार सेकंदांचा खंड पडतो. त्या चार सेकंदांत रणगाडा टेकडीआड मागे घ्यायचा. बहुतेक लोक उलट करतात, रॉकेट लागलं की चिडून पुढे घुसतात.

रणगाडा एकट्याने न्यायचाच नाही. मागे लिंक गनवाला एक माणूस चालत हवा, उजव्या बटणाचा तोच किरण गाडीही दुरुस्त करतो. दुसरी सीट मशीनगनची आहे, पण पाचांच्या संघात मशीनगनवाल्यापेक्षा दुरुस्तीवाला कधीही परवडला. तोफ लांबूनच चालवा, झूम उजव्या बटणावर आहे. अगदी जवळ आलेल्या पायी माणसावर नळी पुरेशी खाली झुकत नाही, आणि तो ग्रेनेड लाँचर घेऊन आला असेल तर गाडीला ग्रेनेड चिकटवतो, बाजूला होतो आणि सगळे एकदम उडवतो.

गाडी सोडून उतरणं हा आणखी एक गुन्हा. नवी आलेली गाडी आपल्या संघापुरती कुलूपबंद असते. आपलं कुणी एकदा तिच्यात बसलं की ते कुलूप गेलं. मग नोडला हात लावायला उतरलात की तुमच्याच गोलायथची नळी तुमच्याकडे वळते. नोडला स्पर्श करायला मँटावाला पाठवा, रणगाडेवाल्याने बसून राहायचं.

हेलबेंडर तुम्ही वापरत नसाल असं वाटतं, वापरा. चालकाकडे शस्त्र नाही म्हणून लोक नाक मुरडतात, पण मागच्या लेझरवर आणि बाजूच्या स्कायमाइनवर माणसं बसली की रॅप्टर जवळ फिरकत नाही. स्कायमाइनचे गोळे आधी हवेत सोडायचे, मग उजव्या बटणाच्या किरणाने त्यातला एक फोडायचा. शेजारचे साखळीने फुटतात. उलटली गाडी तर जवळ जाऊन ई दाबा, सरळ होते.

जाता जाता: हा ऑनस्लॉट आणि त्यातल्या गाड्या घडवण्यात सायऑनिक्स या कंपनीचा मोठा हात होता. पुढे २०१५ मध्ये गाड्यांना फुटबॉल खेळायला लावणारं रॉकेट लीग काढलं ते हेच लोक. मँटा हवेत कसा तरंगतो ते बघितलं की नवल वाटत नाही.

किरणवाला

मँटाबद्दल एक भर. उजवं बटण दाबलं की तो खाली दबतो आणि पायी माणूस चिरडला जातो. नोडवर किरण धरून उभ्या असलेल्या माणसाला हीच मुख्य भीती. म्हणून वर चौथऱ्याचा आडोसा म्हटलं.

केबल_तपासा

सर्व्हर न दिसण्याबद्दल. लॅनचा टॅब ब्रॉडकास्टवर चालतो, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनांना एकदम हाक मारून. त्या मशीनवर व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचं जादा नेटवर्क ॲडॉप्टर असेल तर हाक भलत्याच वाटेने जाते. ते ॲडॉप्टर तात्पुरतं बंद करून पाहा. नाहीतर टॅबच्या नादी न लागता टिल्डेच्या कीने कन्सोल उघडा, ओपन हा शब्द इंग्रजीत, एक जागा सोडून सर्व्हरचा आयपी, एंटर. जोडलं गेलं तर दोष फक्त शोधण्यात आहे. नाही जोडलं गेलं तर सर्व्हरच्या मशीनवर विंडोजने नेटवर्क "पब्लिक" धरलंय का बघा आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ७७७७ आणि ७७७८ मोकळे करा.

त्या मशीनचा पॅचही तपासा. आणि अदारा, आयलंडहॉप, ट्रिकी, अर्बन हे नकाशे एडिटर्स चॉइस आवृत्तीसोबत आलेले आहेत. ज्याच्याकडे नाहीत त्याला ते सामन्याच्या तोंडावर सर्व्हरकडून कूर्मगतीने उतरवावे लागतात. आधीच पेनड्राइव्हने कॉपी करून ठेवा.

इंटरनेटचा टॅब रिकामा दिसला तर घाबरू नका. गेमची कंपनी एपिकने जुन्या गेमांची ऑनलाइन सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. लॅनला त्याने काही फरक पडत नाही.

चक्रधर_०४

व्हर्च्युअल मशीनचंच ॲडॉप्टर होतं. बंद केलं, सर्व्हर दिसला. रविवारी टॉरलानवर मागच्या नोडला एक माणूस कायमचा बसवून बघतो.

तुटका_दुवा

कायमचा नको, चारच उरतील पुढे. घोषणा ऐकून ई दाबणारा एक ठरवून ठेवा, पुरे.